फोनवर विचारलेला प्रश्न: एचआयव्हीचे ऑनलाइन सर्व्हे कसे वाचायचे, कसे भरायचे

कोपरखैरण्यातलं बैठं घर. दहा बाय बाराची खोली, मागे ओटा आणि मोरी. सर्व्हेवाल्या ताई दारात चपला काढून पलंगाच्या कडेला बसतात, फाइल उघडतात. समोर २६ वर्षांचा मुलगा. ओट्यापाशी आई चहा टाकतेय, वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केलाय. "गेल्या सहा महिन्यांत तुमचे लैंगिक संबंध कोणाकोणाशी आले?" हा प्रश्न ताईंनी विचारला आणि मुलगा गे असला, तर तो काय सांगेल? "कोणाशीच नाही." ताई तसं लिहून घेतील आणि ठाणे जिल्ह्याच्या आरोग्याच्या तक्त्यात एक खोटी ओळ कायमची जाऊन बसेल. मुलाचा यात काही दोष नाही, ताईंचाही नाही. चुकली ती प्रश्न विचारायची जागा.

जागा बदलली की उत्तर किती बदलतं, याचा एक जुना आणि भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत १९९५ साली १५ ते १९ वर्षांच्या मुलग्यांची पाहणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाने छापील फॉर्म स्वतः भरला, दुसऱ्याने कानाला हेडफोन लावून संगणकावर उत्तरं दिली. १९९८ साली 'सायन्स' या नियतकालिकात निकाल आला. मुलग्याशी किंवा पुरुषाशी कधी ना कधी लैंगिक संबंध आल्याचं छापील फॉर्मवर १.५ टक्के मुलांनी सांगितलं होतं, संगणकावर ५.५ टक्के मुलांनी. मुलं एकाच वयाची आणि प्रश्नही तेच. कागद कोणीतरी हातात घेऊन वाचेल ही भीती संगणकासमोर कमी झाली, एवढाच काय तो फरक.

आज तो संगणक प्रत्येकाच्या खिशात आहे. गे, बायसेक्शुअल, ट्रान्स, हिजडा, कोती (बायकी ढंगाने वावरणारे पुरुष) अशा अनेक नावांनी जगणाऱ्या लोकांमध्ये एचआयव्हीची जोखीम कुठे आणि का आहे, हे समजून घ्यायला संशोधक ऑनलाइन सर्व्हे वापरतात त्यामागचं पहिलं कारण हेच आहे. अशी लिंक तुमच्या फोनवर आली असेल किंवा अशा सर्व्हेची बातमी वाचून 'म्हणजे नक्की काय?' असं वाटलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

जोखीम कशाला म्हणायचं

आधी आकडे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, २०२१ च्या अंदाजानुसार भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२१ टक्के होतं, म्हणजे हजारात साधारण दोघं. त्याच वर्षीच्या सर्वेक्षणात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते ३.२६ टक्के आणि हिजडा व ट्रान्स व्यक्तींमध्ये ३.७८ टक्के निघालं. पंधरा पटींहून जास्त. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात देशात सर्वाधिक, सुमारे ३.९४ लाख होती.

हे आकडे वाचून 'असं असणं म्हणजेच आजार' असा अर्थ काढणारे आजही भेटतात, म्हणून इथे जरा थांबते. विषाणूला कोणाची ओळख कळत नाही, त्याला शरीरात शिरायला वाट लागते. एचआयव्ही असलेल्या पण उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी कंडोमशिवाय संबंध आला, तर गुदमार्गाने स्वीकारणाऱ्या व्यक्तीला लागण होण्याची शक्यता दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ वेळा मानली जाते. योनीमार्गाच्या संबंधात स्वीकारणाऱ्या व्यक्तीसाठी हाच आकडा सुमारे ८ आहे. गुदमार्गाचं अस्तर नाजूक असतं, तिथून विषाणू सहज आत जातो. हे झालं शरीराचं. शिवाय जिथे जोडीदार शोधायचं वर्तुळच लहान आणि लपलेलं असतं, तिथे एकदा विषाणू आला की तो त्याच वर्तुळात फिरत राहतो. आणि तपासणीला गेलं तर कोणी ओळखीचं भेटेल, ही धास्ती असतेच.

कायद्यानेही ही धास्ती घातली होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ पासून दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलासा दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो काढून घेतला आणि २०१८ च्या ६ सप्टेंबरला अखेर प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्याच्या बाहेर आले. आज तिशीत असलेल्या माणसाचं कॉलेजचं सगळं वय या हेलकाव्यात गेलं. 'तुम्ही आधी कधी तपासणी का केली नाही?' हे त्याला विचारताना ते विसरून चालत नाही.

जुनी पद्धत कुठे थांबते

आतापर्यंतची माहिती आली ती मुख्यतः फील्डवरून. नॅकोच्या मदतीने चालणारे टीआय, म्हणजे लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प, आपल्या भागातल्या 'साइट' ओळखतात. कुठली बाग, कुठला पूल, कुठलं स्वच्छतागृह. नावं मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे पीअर एज्युकेटर, म्हणजे कम्युनिटीतलेच कार्यकर्ते, संध्याकाळी जाऊन बसतात, कंडोम देतात, ओळख वाढवतात, तपासणीला सोबत नेतात. वर दिलेले ३.२६ आणि ३.७८ टक्केही या प्रकल्पांशी जोडलेल्या लोकांमधून आलेले आहेत. हे काम करणाऱ्यांबद्दल मला अपार आदर आहे. पावसात, पोलिसांच्या प्रश्नांना तोंड देत त्यांनी जे उभं केलं ते कुठल्याही लिंकने झालं नसतं.

पण ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारा आणि घोडबंदर रोडवर चौघांत फ्लॅट घेऊन राहणारा मुलगा कुठल्याच साइटवर येत नाही. त्याच्या भेटी ॲपवर ठरतात. दिव्याहून रोज गाडी पकडणारा, दोन मुलांचा बाप असलेला माणूसही तिथे दिसणार नाही, कारण दिसणं हीच त्याची सगळ्यात मोठी भीती. फील्डवर हे दोघे मोजले जात नाहीत. त्यांच्या फोनवर मात्र पोहोचता येतं.

म्हणून ऑनलाइन सर्व्हे. युरोपात २०१० साली अशी मोठी पाहणी झाली, ३८ देशांत आणि २५ भाषांत. १,८०,००० हून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला. घरोघर फिरून एवढ्या लोकांनी हे प्रश्न ऐकूनही घेतले नसते.

साठ टक्के, पण कशाचे?

आता सगळ्यात जास्त गैरसमज होतो ती गोष्ट.

समजा तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी विचारलं, "पाणी पुरेसं येतं का?" २०० घरांपैकी ४० जणांनी उत्तर दिलं आणि त्यातले ३६ म्हणाले, "नाही." सोसायटीतल्या ९० टक्के घरांत पाणी येत नाही, असं म्हणता येईल का? ज्यांच्या नळाला पाणी नाही तेच तावातावाने उत्तर देतात. वरच्या टाकीजवळचे ग्रुप उघडतही नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे स्मार्टफोनच नाही.

ऑनलाइन सर्व्हे असाच असतो. समजा ठाणे-नवी मुंबईतल्या १,००० जणांनी फॉर्म भरला आणि त्यातल्या ६०० जणांनी वर्षभरात एचआयव्ही तपासणी केल्याचं सांगितलं. 'ठाण्यातल्या गे पुरुषांपैकी ६० टक्के तपासणी करतात' असा मथळा लगेच तयार होईल, आणि तो चुकीचा असेल. ठाण्यात गे पुरुष किती, याची यादी कुणाकडेच नाही. ज्यांनी लिंक उघडली ते मुळातच आरोग्याबद्दल थोडे जागरूक, फोनवर सराईत आणि स्वतःला निदान मनात तरी नाव दिलेले असण्याची शक्यता जास्त. म्हणजे खरा आकडा ६० पेक्षा कमी असू शकतो. किती कमी, ते हा सर्व्हे सांगणार नाही.

मग उपयोग काय? उपयोग तुलनेत आहे. त्याच १,००० जणांमध्ये घरच्यांना माहीत असलेल्यांची आणि लपवून जगणाऱ्यांची तपासणी सारखीच होते का? प्रेपबद्दल, म्हणजे लागण टाळायला आधीच घ्यायच्या औषधाबद्दल, ऐकलेले किती, आणि ऐकूनही न घेतलेले किती? तपासणी न करण्याचं कारण 'भीती' निघतं की 'केंद्राची वेळ जुळत नाही'? वेळ जुळत नाही असं शेकडो जण म्हणत असतील, तर केंद्र संध्याकाळी उघडं ठेवायला तेवढं पुरेसं आहे. त्यासाठी ठाण्यात एकूण किती गे पुरुष आहेत हे कळायची गरज नाही.

ही उणीव थोडी भरून काढणारी एक पद्धत आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकथॉर्न यांनी ती १९९७ साली मांडली. सुरुवातीला मोजक्या लोकांना बोलवायचं, प्रत्येकाला मोजकीच कूपनं द्यायची, त्यांनी आपल्या ओळखीच्यांना आणायचं, त्या ओळखीच्यांनी पुढच्यांना. कोणी कोणाला आणलं आणि प्रत्येकाच्या कम्युनिटीत ओळखी किती, याची नोंद ठेवायची. ज्याच्या शंभर ओळखी तो साखळीत येण्याची शक्यता जास्त, म्हणून हिशेबात त्याचं वजन कमी; ज्याच्या दोनच ओळखी त्याचं जास्त. आता कूपनच्या जागी लिंक आली आहे. पण ज्याची एकही ओळख नाही, तो या साखळीतही येत नाही.

मराठीत विचारायचं म्हणजे

माझ्या मते सर्व्हेचं भवितव्य इथे ठरतं, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका फॉर्मचा मराठी मसुदा माझ्याकडे भाषा तपासायला आला. पहिला प्रश्न होता, "गेल्या सहा महिन्यांत तुमचे किती लैंगिक जोडीदार होते?" तो मी ओळखीच्या काही जणांना वाचून दाखवला. एक विवाहित गृहस्थ पटकन म्हणाले, "एक." थोड्या गप्पा झाल्यावर कळलं की महिन्यातून दोनदा भेटणारे पुरुष त्यांनी धरलेच नव्हते. त्यांच्या लेखी जोडीदार म्हणजे बायको. दुसऱ्या एका मुलानेही 'एक'च सांगितलं, कारण प्रेम एकावरच होतं, बाकीचे 'नुसते भेटलेले'. दोघांपैकी खोटं कोणीच बोललं नव्हतं. 'जोडीदार' या शब्दात मराठीत नातं येतं, निष्ठा येते. तिथे "किती जणांशी संबंध आला, एकदाच भेटलेलेही धरून" असं उघड विचारावं लागतं.

पुढचा शब्द 'असुरक्षित संबंध'. मसुदा करणाऱ्याला कंडोमशिवायचा संबंध अभिप्रेत होता. वाचणाऱ्याच्या मनात आलं ते वेगळंच: कोणी पाहील अशी जागा, पैसे उकळणारा अनोळखी माणूस, पोलिसाची भीती. आठ वर्षं ओळखीचा मित्र आणि कुलूप लावलेली खोली, म्हणजे एकदम सुरक्षित. कंडोमचा तिथे विचारच नाही. संशोधकाच्या कागदावर या माणसाची जोखीम शून्य दिसेल.

'तपासणी' शब्दाचीही तीच गत. "एचआयव्हीची तपासणी केली आहे का?" "हो, ऑपरेशनच्या वेळी रक्त घेतलं होतं की." त्या रक्ताचं काय केलं, रिपोर्ट काय आला, त्याला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून दोन प्रश्न हवेत: तपासणी झाली का, आणि रिपोर्ट तुम्हाला कळला का.

'गेल्या सहा महिन्यांत' हेही तितकंसं सोपं नाही. आपल्याकडे वर्ष सणांवर मोजलं जातं. फेब्रुवारीत सर्व्हे असेल तर "गणपतीपासून आतापर्यंत" म्हटलं की माणसाला नेमकं आठवतं, गावाला गेलेले दिवसही आठवतात.

आणि ओळखीचा प्रश्न. 'पुरुष, स्त्री, इतर.' २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ लोक नोंदवले गेले. त्या एका शब्दात हिजडा, जोगती, ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री सगळे कोंबलेले. त्यांची जोखीम सारखी नाही, डॉक्टरकडून हवं असलेलं उत्तरही सारखं नाही. चांगला फॉर्म दोन टप्प्यांत विचारतो: जन्माच्या वेळी काय नोंदवलं गेलं, आणि आज तुम्ही स्वतःला काय म्हणता. दुसऱ्या प्रश्नात स्वतःचा शब्द लिहायला रिकामी जागा हवी. बाईला बाईवर प्रेम असतं, ट्रान्स पुरुषालाही एचआयव्ही होऊ शकतो, हे बहुतेक फॉर्मना आठवतही नाही. ते मला फार खुपतं.

भरण्याआधी काय बघायचं

लिंक कोणाची आहे, हे पहिल्या पानावर साध्या मराठीत लिहिलेलं हवं: संस्था कोणती, पैसा कोणाचा, नीतिविषयक समितीची मान्यता आहे का, शंका आली तर कोणाला विचारायचं. वय १८ पूर्ण असण्याची अट हवी. प्रत्येक नाजूक प्रश्नाखाली 'सांगायचं नाही' हा पर्याय हवा. नाव, आधार, ओटीपी, फोटो, फोनमधले कॉन्टॅक्ट यांपैकी काहीही मागितलं तर तिथेच बंद करा.

नाव न मागताही माणूस ओळखता येतो, हे मात्र लक्षात ठेवा. 'स्टेशन दिवा, वय ३४, ट्रान्स पुरुष, व्यवसाय नर्स.' असे किती जण असतील? बहुधा एकच. हे चार रकाने वेगवेगळे निरुपद्रवी वाटतात, एकत्र आले की नाव सांगतात. जबाबदार संशोधक म्हणूनच वय '३० ते ३९' असं गटात घेतात, स्टेशनऐवजी जिल्हा विचारतात आणि फार कमी लोक असलेला तक्ता छापतच नाहीत. धोका कल्पनेतला नाही. ग्राइंडर हे डेटिंग ॲप वापरकर्त्यांनी भरलेली एचआयव्ही स्थिती दोन बाहेरच्या कंपन्यांना पुरवत असल्याचं २०१८ मध्ये उघड झालं होतं.

आपल्याकडे एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय तुमची तपासणी करता येत नाही, आणि न्यायालयाचा आदेश नसेल तर स्वतःची स्थिती उघड करायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. सर्व्हेतला तो प्रश्न तुम्ही निःशंक सोडू शकता.

फोन घरात सगळ्यांचा असेल, तर फॉर्म ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) विंडोत उघडा. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने भरू नका. शेजारचा वाचतो.

फॉर्म भरण्याबद्दल रिचार्ज वगैरे देतात तेव्हा वेगळीच अडचण येते. एकच माणूस पाच वेळा भरतो, किंवा यंत्राकडून शेकडो फॉर्म भरवले जातात. ते पकडायला वेळ बघतात, म्हणजे ६० प्रश्न दीड मिनिटात कसे संपले. परस्परविरोधी उत्तरं बघतात. फक्त इंटरनेटचा पत्ता सारखा म्हणून फॉर्म बाद करणं आपल्याकडे अन्यायाचं ठरतं, कारण मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतात.

जे यात येत नाहीत

तुर्भ्याच्या बाजारात पहाटे गोणी उचलणारा माथाडी, साध्या फोनवाला. हिजड्यांच्या डेऱ्यात सात जणींत एकच स्मार्टफोन, तोही गुरूच्या हातात. वाचता येतं पण टाइप करता येत नाही असे पन्नाशीतले गृहस्थ. यांच्यासाठी प्रश्न ऐकू येणारा फॉर्म करता येतो, पण त्याहून महत्त्वाचा आहे तो फील्डवर जाणारा कार्यकर्ता. ऑनलाइन सर्व्हे स्वस्त पडतो म्हणून फील्डचा निधी कापायचा, असं कोणी सुचवलं तर कडाडून विरोध करायला हवा. दोघांना दिसणारी माणसं वेगळी आहेत.

आणि सर्व्हेने उत्तर देणाऱ्याला काहीतरी परत द्यायला हवं. प्रश्न वाचता वाचता अनेकांना पहिल्यांदाच जाणवतं की आपल्यालाही जोखीम असू शकते. तिथे 'धन्यवाद' म्हणून पान बंद करणं क्रूर आहे. शेवटच्या पानावर हे हवं: सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व तपासणी, केंद्रांत तपासणी मोफत आणि गोपनीय होते. संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील तर पीईपीची २८ दिवसांची औषधं लागण टाळू शकतात, म्हणून त्याच दिवशी धावत जायचं. लागण होण्याआधीच घ्यायचं प्रेप नावाचं औषध आहे. विषाणू तपासणीत दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. पॉझिटिव्ह आला तर २०१७ पासून धोरण असं आहे की लगेच एआरटी, म्हणजे विषाणू दाबणारी औषधं, सुरू होते, तीही मोफत. औषधाने विषाणू इतका दबला की रक्तात सापडेनासा झाला, तर लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला जात नाही. बोलावंसं वाटलं तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

एक गोष्ट कागदाच्या फॉर्मला कधीच दिसली नाही, ती इथे दिसते. लोक फॉर्म कुठल्या प्रश्नावर सोडून जातात, ते. मी तपासत होते त्या मसुद्याच्या चाचणीत बरेच जण एकाच ठिकाणी थांबले होते: "तुमच्या पत्नीला याची कल्पना आहे का?" अर्धवट सोडलेली उत्तरं वापरायची नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. सोडून जाणं म्हणजे संमती मागे घेणं. पण बोटं तिथे का थांबली याचा विचार करायला हरकत नव्हती. तो प्रश्न आम्ही शेवटी नेला आणि त्याआधी एक ओळ घातली: "पुढचा प्रश्न घरच्यांबद्दल आहे. तो सोडून पुढे गेलात तरी चालेल."